तिसऱ्या सिलिंडरचा तंटा

उड्डाणपुलाच्या चढावर गाडीने मान टाकली. मी पाय दाबते आहे आणि ती पुढे जायच्या ऐवजी अंगात थंडी भरल्यासारखी कापते आहे. समोर इंजिनाचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. मागच्या सीटवर बाई होत्या. शाळेत शिकवायच्या, आता गुडघ्यांनी बेजार आहेत. त्यांना डॉक्टरकडे नेत होते. त्या म्हणाल्या, "अगं, ही खोकते का?"

"खोकत नाही बाई, नाटकं करते," मी म्हटलं.

मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. शेवटी बाजूने पुढे जाताना खिडकीतून डोकं काढून ओरडला, "आजी, घरी बसा की!"

मी त्याला जे उत्तर दिलं ते ऐकून बाई दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघायला लागल्या.

बाईंना कसंबसं दवाखान्याच्या दारात सोडलं, परतीसाठी दुसरी गाडी बघून दिली आणि रस्त्याच्या कडेकडेने ठेचकाळत निघाले. चालताना चार पावलांमागे एक पाऊल लटकं पडावं तशी गाडी चालत होती. मी तिला शिव्या देत होते. इतकी वर्षं तेलपाणी वेळेवर, धुणंपुसणं वेळेवर, आणि तोंडघशी पाडायचं ते भर पुलावर!

तेवढ्यात मुलाचा फोन. बाईंची सून त्याच्याच ऑफिसात काम करते. माझ्या गाडीपेक्षा बातमी वेगाने धावली होती.

"आई, पुन्हा बंद पडली ना?"

"बंद नाही पडली. चालते आहे."

"पुलावर बंद पडली असती तर? किती वेळा सांगितलं तुला, पुरे आता. तुझ्या वयाच्या बायका..."

"काय करतात माझ्या वयाच्या बायका?"

"नातवंडं सांभाळतात."

"मग तू आधी लग्न कर."

तो हसला नाही. "हे बघ, आमच्या इमारतीतली एक जुनी गाडी न्यायला उद्या दुपारी भंगारवाला येतोय. त्याच खेपेत तुझीही देऊन टाकू. मी बोललोय त्याच्याशी."

मी बोललोय त्याच्याशी. माझ्या गाडीबद्दल. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. गाडी बाजूला घेतली, कारण चालवता चालवता जे बोलायचं होतं ते बोलता आलं नसतं.

"ठीक आहे," मी म्हटलं. "आत्ता तुझ्या मामांच्या गॅरेजकडेच निघाले आहे. उद्या दुपारपर्यंत गाडी नीट झाली नाही तर किल्ली तुझ्या हातात देते. परत स्टिअरिंगला हात लावणार नाही. झालं?"

"झालं," तो म्हणाला. फारच पटकन म्हणाला.

फोन ठेवला आणि स्वतःची जीभ हासडावीशी वाटली. पण शब्द गेला तो गेला. त्याचे वडील गेले तेव्हा ही गाडी दारात उभी होती आणि येणारा जाणारा म्हणत होता, विकून टाका. मी विकली नाही, चालवायला शिकले. रस्त्यावरच्या पाट्या वाचता येईनात म्हणून त्या वयात अक्षरं शिकले. आता ओळखीच्या बायकांना दवाखान्यात, बाजारात, लेकीकडे नेते-आणते. त्या सीटवर बसलं की मला कुणी आजी म्हणून कोपऱ्यात सरकवत नाही, ट्रकवाला सोडून. ती सीट भंगारात गेली की मी कुठे बसणार, हे मला चांगलं माहीत होतं. मुलाच्या घरी, खिडकीशेजारच्या खुर्चीत.

गॅरेज आबांचं. आबा म्हणजे आमचे वडील. ते गेल्यावर दोघा भावांनी चालवायला घेतलं. थोरला इंजिनाचं बघतो, धाकटा गाडीतली सगळी वीज बघतो. वायरी, सेन्सर, दिवे, बॅटरी. दोघे मिळून चांगलं चाललं होतं. मग एकदा एका गिऱ्हाइकासमोर थोरला बोलून गेला, "इंजिनाचं मला विचारा. तो काय, दिवे लावतो." गिऱ्हाईक हसलं. धाकटा हसला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने पिवळ्या रंगाचा डबा आणला आणि गॅरेजच्या फरशीवर दारापासून मागच्या मोरीपर्यंत मधोमध पट्टा ओढला. त्या दिवसापासून दोघे एका छपराखाली काम करतात आणि एकमेकांशी एक शब्द बोलत नाहीत. गाडीला दोघांची गरज पडली तर ती अर्धी इकडे, अर्धी तिकडे अशी पट्ट्यावर उभी करायची. सांगायचं-विचारायचं असेल ते गिऱ्हाइकाच्या तोंडून.

मी गाडी नेऊन पट्ट्यावर उभी केली. इंजिन चालूच ठेवलं. दोघेही आपापल्या बाजूने आले.

"अक्का, मिसिंग मारतेय गाडी," थोरला म्हणाला.

"ठोका गाळतेय ते मला ऐकू येतं," मी म्हटलं. "उद्या दुपारच्या आत नीट पाहिजे. नाहीतर तुमचा भाचा भंगारात घालतोय."

"कोण म्हणतो भंगारात?" थोरला.

"त्याला काय कळतं?" धाकटा.

दोघे एकाच वेळी बोलले आणि एकाच वेळी गप्प झाले. एकमेकांच्या बाजूने बोललो की काय, अशी भीती वाटली असावी.

धाकट्याने त्याचं स्कॅनर आणलं, स्टिअरिंगखाली वायर जोडली. पडद्यावर बघून मला म्हणाला, "अक्का, त्याला सांग, तिसरा सिलिंडर काम करत नाही."

थोरला तीन हातांवर उभा होता. मी म्हटलं, "ऐकलंस ना?"

"मला मशीनवरून कळायची गरज नाही," तो मला म्हणाला. त्याने बॉनेट उघडलं आणि इंजिन चालू असतानाच वरचे कनेक्टर एकेक करून काढून पुन्हा लावत गेला. पहिल्याचा काढला, गाडी आणखी लटपटली. दुसऱ्याचा काढला, लटपटली. तिसऱ्याचा काढला तर काहीच फरक नाही. मेलेल्याला काय मारणार? "तिसराच," तो म्हणाला. "त्याला सांग, मशीन या वेळी चुकलं नाही."

दोघांचं एकमत झालं होतं, पण दोघांपैकी एकाचंही तोंड सरळ नव्हतं.

आता इथे आबांची एक रीत सांगायला हवी. ती दोघांनीही त्यांच्याकडूनच घेतली आहे. प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर एक कॉइल असते. ती खालच्या प्लगला ठिणगी देते. कॉइल चांगली की वाईट ते बघून कळत नाही. आबा म्हणायचे, संशय आला की फेकू नका, शेजारी पाठवा. तिसऱ्याची कॉइल दुसऱ्यावर लावायची आणि दुसऱ्याची तिसऱ्यावर. मग इंजिन सुरू करायचं. खोड कॉइलबरोबर शेजारी गेली तर चोर सापडला. जुन्याच घरी राहिली तर कॉइल निर्दोष, दुसरीकडे शोधा. आणि पाठवायचं ते नेहमी पुढच्या शेजाऱ्याकडे, रेडिएटरच्या बाजूच्या. का, ते आबांनी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलं नाही.

थोरला म्हणाला, "प्लग जुने झालेत. नवे घेऊन येतो," आणि गेला. गाडी बंद केली.

तो कोपऱ्यावरून वळतो न वळतो तोच धाकट्याने तिसरी आणि दुसरी कॉइल उपसून अदलाबदल करून टाकली. "हे काम माझं आहे," तो मला म्हणाला. "प्लग बदला नाहीतर नशीब बदला, आधी कॉइल बघायची असते. आता चालू करून..." तेवढ्यात रस्त्यावर एक गिऱ्हाईक आलं. हेडलाइट लागत नाही म्हणत होतं. "आलोच, अक्का," म्हणून तो तिकडे गेला.

मला दोन चहा आले. एक थोरल्याच्या शेगडीवरचा, त्याच्या कारागिराने आणून दिलेला. एक धाकट्याच्या बाजूचा. एक पिऊन दुसरा ठेवला तर राग येतो, म्हणून दोन्ही प्यावे लागतात. गेली दोन-अडीच वर्षं मी इथे आले की पित्ताची गोळी घेऊनच घरी जाते.

मग पुन्हा मुलाचा फोन. आत ओरडता येईना म्हणून मी बाहेर फूटपाथवर गेले.

"काय म्हणतात मामा?"

"काम चालू आहे."

"भंगारवाल्याने विचारलंय, टायर कसे आहेत."

"टायर?" मी ओरडले. शेजारच्या दुकानातला न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा धरून माझ्याकडे बघत राहिला. "मढं अजून उठलं नाही आणि तो कपडे मोजतोय? त्याला सांग, टायर माझ्यासारखे आहेत. जुने, पण पंक्चर नाहीत!"

बराच वेळ मी तिथेच उभी राहून त्याला सुनावत होते. परत आत आले तेव्हा थोरला आला होता, नवे प्लग बसवून झाले होते आणि तो कपड्याला हात पुसत होता. धाकटाही हेडलाइट उरकून आला होता.

"चालू कर, अक्का," थोरला म्हणाला.

चालू केली. तीच थंडी. तीच ठेच.

धाकटा स्कॅनरकडे बघत म्हणाला, "तिसराच." आणि मग मान उडवून, "त्याला सांग, माझं काही नाही. त्याच्या बाजूचं आहे."

थोरला म्हणाला, "त्याला सांग, प्लग नवे आहेत. माझंही काही नाही."

"मग काय माझं आहे?" मी म्हटलं.

मग सुरू झाला खेळ. थोरल्याने प्लग परत काढून प्रत्येक भोकात गेज लावला, सिलिंडरमधलं दाबाचं माप घेतलं. धाकट्याने इंजेक्टरला, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या तोटीला, लांब स्क्रू-ड्रायव्हर टेकवून दुसरं टोक कानाला लावलं. टिकटिक ऐकली. मग वायरला दिवा लावून बघितला. दर वेळी एकाचं झालं की तो मागे सरायचा आणि दुसरा पुढे यायचा, दर वेळी "त्याला सांग." त्याला सांग तोटी चालू आहे. त्याला सांग वायर कुरतडली असेल. त्याला सांग डोळे तपासून घे. मी गाडीच्या दाराला टेकून एकाचं दुसऱ्याला सांगत होते. जे दोघांनाही ऐकू जात होतं तेच परत सांगत होते. आई गेली तेव्हा या दोघांची नाकं मी पुसली आहेत आणि म्हातारपणी मी यांचा लाउडस्पीकर झाले होते. म्हणतात ना, दोन घरचा पाहुणा उपाशी. माझी गाडी दोन घरची पाहुणी होती. चहा दोन, तपासण्या दोन, आणि दुखणं जिथल्या तिथे.

बाहेर ऊन उतरत होतं. थोरल्याने गेज खाली ठेवला आणि खूप विचार केल्यासारखा चेहरा केला. हा चेहरा मी लहानपणापासून ओळखते. काही कळत नसलं की तो हाच चेहरा करतो.

"अक्का, तिसऱ्यात दाब इतरांपेक्षा कमी आहे," तो म्हणाला. "व्हॉल्व्ह जळला असणार. हेड उतरवावं लागेल."

"हेड म्हणजे?"

"इंजिनाचं डोकं. वरचा सगळा भाग. उतरवायचं, घासायला पाठवायचं, व्हॉल्व्ह बसवायचे. तीन-चार दिवस धर."

तीन-चार दिवस. भंगारवाला उद्या दुपारी. मला एकदम त्या खिडकीशेजारच्या खुर्चीच्या गादीचा रंगसुद्धा दिसला. करडा.

"दुसरं काही नसेल कशावरून?"

"प्लग बघितला, सगळं बघितलं. उरलं काय?"

धाकटा मागून म्हणाला, "त्याला सांग, आता कळलं ना कुणाच्या बाजूचं होतं ते? आणि हेड उतरवताना माझ्या वायरी तोडू नकोस म्हणावं."

थोरल्याने पान्यांची पेटी ओढली, एक पाना निवडला आणि बॉनेटखाली वाकला.

त्या वेळी माझ्या डोक्यात काय झालं ते नीट सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की बॉनेटला आधार दिलेली दांडी मी काढली आणि ओरडले, "हात काढ!" त्याने हात काढला. बॉनेट धाडकन खाली आलं. मी त्यावर चढून बसले. वर चढताना चप्पल खाली पडली ती पडली. दोघे आ वासून बघत राहिले.

"अक्का, खाली उतर. गुडघा सरकेल."

"माझ्या गुडघ्याची काळजी ट्रकवाल्याला आहे, तुम्ही नका करू. आता कुणी माझ्या गाडीचं डोकं उतरवणार नाही. आधी मी तुमची उतरवते." मी थोरल्याकडे बोट केलं. "तू. सकाळपासून या गाडीला काय काय केलंस ते सांग. एकेक."

"तुझ्यासमोरच तर..."

"मला नाही. त्याला सांग. त्याच्या तोंडाकडे बघून. आज माझ्या तोंडून कुणाचाही निरोप जाणार नाही. माझं दुकान बंद."

थोरला भिंतीकडे बघून म्हणाला, "प्लग बदलले."

"भिंतीला नाही!"

तो वळला. नजर धाकट्याच्या बुटांपर्यंतच पोचली. "प्लग बदलले," तो बुटांना म्हणाला. "कॉम्प्रेशन घेतलं. तिसऱ्यात कमी आलं."

"किती कमी?" धाकटा एकदम म्हणाला. "या वयाच्या इंजिनात तेवढं उन्नीस-बीस असायचंच. तेवढ्यावर हेड उतरवतोस? गुडघा दुखतो म्हणून पाय कापतोस?"

"आणि तू काय केलंस? मशीनवरचे आकडे वाचलेस. पोपट!"

"पोपट? तोटी मी ऐकली, वायर मी बघितली, कॉइल मी शेजारी पाठवून बघितली. आणखी काय करू, गाणं म्हणू?"

"चल! कॉइल तू कुठे पाठवलीस? कॉइल मी पाठवली!"

"तू? कॉइल वीज आहे. वीज माझी बाजू आहे. तुला कुणी सांगितला हात लावायला?"

"प्लग बसवायला चारही काढल्याच होत्या मी. हातात होत्या, म्हणून तिसऱ्याची दुसऱ्यावर टाकली. आबा टाकायचे तशी."

"मीसुद्धा आबा टाकायचे तशीच टाकली होती! तू प्लग आणायला गेलास तेव्हा! तुझ्या आधी!"

धाकट्याचा हात अजून हवेतच होता. तो हळूहळू खाली आला. रस्त्यावर कुणीतरी शटर ओढलं त्याचा आवाज सगळ्या गॅरेजभर घुमला.

मी बॉनेटवरून म्हटलं, "म्हणजे याने पाठवली आणि याने परत आणली."

थोरला हातातला पाना पुसायला लागला.

"म्हणजे ती कॉइल शेजारी गेलीच नाही. सकाळपासून स्वतःच्याच घरी बसून आहे. आणि तुम्ही दोघांनी तिला निर्दोष म्हणून सोडून दिलं."

"मला काय स्वप्न पडणार होतं?" थोरला म्हणाला. त्याचा आवाज चढला होता, पण मघासारखा नाही. "तू सांगायचं होतंस!"

"तू विचारायचं होतंस!"

"निदान खडूने खूण तरी करायची!"

"आबांनी कधी केली होती का खूण?"

"आबांना असा भाऊ नव्हता!"

"मला आहे!"

"बस्स!" मी ओरडले, पण ते ऐकत नव्हते. अडीच वर्षांचं साठलेलं होतं, ते नळाला हवा येऊन पाणी थुंकावं तसं बाहेर येत होतं. दिवे लावतो म्हणालास. पट्टा तू मारलास. आबांचा पाना तुझ्या कपाटात. माझ्या गिऱ्हाइकाला तू पळवलंस. मी त्यांना थांबवलं नाही. उतरले, चप्पल शोधली, बॉनेट उघडलं आणि म्हटलं, "तोंडं चालू द्या, पण हातही चालवा."

भांडता भांडताच धाकट्याने तिसरी आणि दुसरी कॉइल काढली, थोरल्याच्या नाकासमोर धरली, "बघ, ही तिसऱ्याची, बघ नीट," म्हणून दुसऱ्यावर बसवली. थोरल्याने स्वतः दाबून खात्री केली. मी किल्ली फिरवली.

गाडी तशीच कापत होती. पण धाकटा स्कॅनरच्या पडद्याकडे बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "दुसरा."

थोरल्याने पुढे होऊन दुसऱ्याचा कनेक्टर काढला. काही फरक नाही. तिसऱ्याचा काढला, गाडी धडपडली. तिसरा जिवंत झाला होता.

"शेजारी गेली," थोरला म्हणाला.

त्याने ती कॉइल काढून दाराशी उजेडात नेली. पाठोपाठ धाकटा. जाताना पट्टा ओलांडला हे त्याच्या लक्षातही आलं नाही. कॉइलच्या अंगाला केसाएवढी चीर होती. ठिणगी प्लगपर्यंत जायच्या आधीच त्या चिरेतून पळत होती. या एवढ्याशा चिरेपायी माझ्या गाडीचं डोकं उतरणार होतं आणि माझं आयुष्य करड्या गादीवर जाणार होतं. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मला मात्र दोघांच्या मुस्काटात द्यावीशी वाटत होती.

"नवी कॉइल लागेल," धाकटा म्हणाला. "दुकान आता बंद झालं. उद्या उघडतं ते बारानंतर."

मी काही बोलायच्या आत थोरला घसा खाकरून म्हणाला, "माझ्या कपाटात आहे एक."

धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. "तुझ्या कपाटात? कॉइल? तुझ्या?"

"असू दे म्हणून ठेवली होती."

"म्हणजे कॉइलची कामं तू परस्पर करतोस! चोरून!"

"मग काय करणार? गिऱ्हाइकाला दर वेळी सांगू, की जा, माझ्या भावाला निरोप सांग?"

"हो! नाहीतर स्वतः येऊन सांग!"

"कॉइल आण," मी म्हटलं. "मग एकमेकांचे गळे धरा."

थोरल्याने आणली. धाकट्याने त्याच्या हातातून हिसकावून घेतली आणि बसवली. मी किल्ली फिरवली आणि गाडी लागली. नुसती लागली नाही, गुळगुळीत लागली. चारही पावलं सारखी पडत होती. पिवळा दिवा धाकट्याने स्कॅनरवरून पुसून टाकला, तो परत आला नाही. मी दोनदा पाय दाबला. ती दोनदा गुरगुरली, मला हवी तशी.

मेलेली कॉइल थोरला कचऱ्याच्या डब्यात टाकायला निघाला होता. "इकडे दे," मी म्हटलं आणि पिशवीत टाकली.

निघताना धाकटा खिडकीशी आला. "अक्का, जाता जाता त्याला तेवढं सांग, की..."

मी काच वर केली. काचेतून तो काहीतरी बोलत राहिला. मग थांबला, वळला, आणि थोरल्याकडे बघून त्यालाच ओरडला. आरशात दिसत होतं, थोरलाही हात नाचवत उत्तर देत होता. दोघेही पट्ट्याच्या एकाच बाजूला उभे होते. कोणाच्या, ते बघायला मी थांबले नाही.

तडक मुलाच्या घरी गेले. दिवेलागण झाली होती. त्याने दार उघडलं आणि आधी माझे काळे हात बघितले.

"झाली?"

"झाली."

"किती दिवस टिकेल?"

मी पिशवीतून कॉइल काढून त्याच्या तळहातावर ठेवली. "उद्या भंगारवाला आला की ही दे त्याला. खेप रिकामी जायला नको."

तो कॉइलकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आई, मला काळजी वाटते गं. तुला राग येतो, पण पुलावर ट्रकच्या पुढ्यात..."

"वाटू दे काळजी. पण काळजी वाटली की माझ्याशी बोलायचं. भंगारवाल्याशी नाही. माझ्या आडून माझ्या टायरची चौकशी करतोस?"

"तुझ्याशी बोललो की तू ओरडतेस."

"ओरडते. मग? ओरडणं ऐकून घ्यायचं. तुझे मामा अडीच वर्षं ओरडले नाहीत, म्हणून आज माझ्या इंजिनाचं डोकं उतरणार होतं."

त्याला काही कळलं नाही. मी सांगायच्या मनःस्थितीत नव्हते. जिना उतरायला लागले. तो दारात उभा राहिला, मग चपला अडकवून मागे आला. गाडीच्या दुसऱ्या बाजूला जाऊन दार उघडून पुढच्या सीटवर बसला.

"काय?" मी म्हटलं.

"पुलावर चढव. बघू दे मला."

मी गाडी पुलाकडे घेतली. चढावर पुढे एक भरलेला ट्रक धापा टाकत चालला होता. मी बाजूचा दिवा दिला, पाय दाबला, आणि गाडी सरळ त्याला मागे टाकून वर चढली. कापली नाही, खोकली नाही. मुलाने वरचं हँडल घट्ट धरलं होतं. कॉइल अजून त्याच्या दुसऱ्या हातात होती.

"काय वाटतं?" मी विचारलं.

"काही नाही."

"काही नाही कसं? बोल. तोंडावर बोल."

त्याने स्पीडच्या काट्याकडे बघितलं. मग म्हणाला, "जरा हळू चालव."

"हं," मी म्हटलं आणि पाय आणखी दाबला.